इरली, सावकार

पुस्तक वाचायला घेण्याआधी मास्तर कोटाच्या वरच्या खिशातून बांबूची एक पातळ पट्टी काढत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि मान वर न करता विचारत, "सावकार, उघडू का?" मी हो किंवा नाही म्हणेपर्यंत पान कापून झालेलं असे. कागद चिरत जाण्याचा तो बारीक आवाज दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माझ्या थेट काळजातून जाई. कारण पुस्तक माझं होतं, पान माझं होतं, आणि कापणाऱ्याने माझ्याकडून आजवर एक टाचणीही विकत घेतली नव्हती.

ज्यांनी जुन्या विलायती पुस्तकांचा धंदा केलेला नाही त्यांना एवढं सांगायला हवं की पूर्वी अशी पुष्कळशी पुस्तकं पानांच्या कडा न कापताच बांधत. छापील कागदाची घडी तशीच शिवलेली. वाचणाऱ्याने कडा चिरत चिरत पुढे जायचं. न चिरलेलं पुस्तक म्हणजे ठाणातलं कोरं कापड, चिरलं की ते नेसलेलं झालं. हे मला कुणी शिकवलं नाही. मला कुणी काहीच शिकवलं नाही. मिरजेकडच्या एका खेड्यातून मी हुबळीला आलो तो दारोदार रद्दी गोळा करायला. पुढे जुन्या हुबळीत गाळा घेतला आणि साहेबलोकांच्या लिलावातून सामान उचलू लागलो. खुर्च्या, घड्याळं, पुस्तकं, जे मिळेल ते. घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे फुशारकीनेच सांगतो आहे, पण पुढची हकिगत ऐकल्यावर तुम्ही ती आपोआप वजा करून घ्याल.

माझा एक नियम होता. ज्या मालाची आपल्याला गरज आहे तो दाखवा असं कधी म्हणायचं नाही. "बघू" म्हटलं की समोरच्याला आपली भूक कळते आणि भाव चढतो. हा नियम ध्यानात ठेवा. मी ठेवला, तिथेच घोटाळा झाला.

केशवापुरातला रेल्वेचा एक साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या लिलावात मी एक पितळी पलंग घेतला. पलंगासोबत नको असलेली एक पेटी गळ्यात पडली. तिच्यात एकाच माणसाची पुस्तकं निघाली. जुन्या काळचा कुणी अमेरिकन पंडित, कवीही होता म्हणे. त्याने जन्मभर लिहिलेलं सगळं जाडजूड भागांत छापलेलं. पाठीला तपकिरी चामडं, त्यावर सोनेरी अक्षरं. साहेबाने एकही भाग उघडला नव्हता, सगळी पानं बंद. त्या पंडिताचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या दुकानात त्याला 'अमेरिकन बुवा' हेच नाव पडलं.

बुवांचा चौथा भाग नव्हता. शेजारचे भाग कलंडू नयेत म्हणून मी त्या जागी एक लाकडी ठोकळा उभा केला. समोरचा दात पडलेला माणूस हसावा तशी ती फळी दिसे.

पुढच्याच रविवारी मास्तर आले. धारवाडला एका शाळेत इंग्रजी शिकवत, रायापुराच्या बाजूला भाड्याच्या घरात राहत आणि रविवारी सर्व्हिस मोटारीने हुबळीला येत. उन्हाने तांबूस पडलेला काळा कोट. कोटाचा उजवा खिसा नेहमी फुगलेला. माझ्या पायरीशी पानपट्टीचं दुकान लावणाऱ्या अक्काने तो फुगवटा पहिल्याच दिवशी हेरला.

"स्वतःचा पानाचा डबा घेऊन फिरतात बघा अण्णा. माझ्याकडून एक विडा घेत नाहीत."

कंजूष, असा निवाडा आम्ही दोघांनी तिथल्या तिथे करून टाकला.

मास्तर फळीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चौथा नाही."

"बाकीचे सगळे आहेत. चौथ्यात असं काय असतं मोठं?"

"कविता असतात की."

"आणि बाकीच्यांत?"

"बाकीचं सगळं. व्याकरण, तारे, प्रवचनं, भांडणं."

"घ्यायचेत?"

"वाचतो की आधी," असं म्हणून त्यांनी माझं एक रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर बसले आणि ती बांबूची पट्टी काढली.

"अहो मास्तर! फाडताय काय?"

"फाडत नाही सावकार, उघडतोय. तोंड शिवलेल्या पोत्यातले तांदूळ शिजवायचे कसे?"

त्यांना हाकलून द्यायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण 'सावकार' म्हणाले ना! आमच्या बाजारात कुठल्याही दुकानदाराला सावकार म्हणतात, तरी शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं की मी अर्ध्या तासापुरता विरघळतो. त्या अर्ध्या तासात त्यांनी अख्खं प्रकरण कापून काढलं.

मग दर रविवारी तेच. वाचता वाचता ते मध्येच मान वर करून बुवांची खबर देत, जणू बुवा पलीकडच्या गल्लीत राहतात.

"आज बुवा धूमकेतूवर चिडलेत."

"का?"

"सांगितलेल्या वेळेला आला नाही म्हणून."

एकदा एक शब्द कसा लिहावा यावरून बुवांचं आणि दुसऱ्या एका पंडिताचं जुंपलं, ते पावसाळाभर चाललं. दसऱ्याच्या सुमाराला दुसरा पंडित वारला आणि बुवा एकटेच भांडत राहिले. मी गिऱ्हाईक सोडून ऐकत बसे. वरून मात्र दाखवत नसे. "संपलं की नाही तुमचं?" असं खेकसत असे.

"तुम्ही घेणार नाही, तर वाचता तरी कशाला एवढं?" एकदा मी विचारलंच.

ते पट्टीने पान सरळ करत म्हणाले, "माणसाने जन्मभर लिहिलं. तेही लहानशा गावात बसून, ऐकणारं फारसं कुणी नसताना. एकदा कुणीतरी सगळं वाचायला हवं की."

"ते तुम्हीच का?"

"पुस्तकं हुबळीला आली की."

मी घड्याळाला किल्ली दिली.

तेवढ्यात धारवाडच्या एका वकिलांना माझी फळी आवडली. वाचायला नव्हे, पक्षकार बसतात त्यांच्या मागच्या कपाटात लावायला. जाड, तपकिरी, सोनेरी, वजनदार, सगळं त्यांना पटलं. फक्त ठोकळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा दात बसवा, मग मी सगळंच उचलतो." ते गेल्यावर मी कपाळाला हात लावून बसलो. चौथा भाग हुबळी-धारवाडात आणायचा कुठून?

खोक्यावरून आवाज आला, "कविता माझ्याकडे आहेत."

चेहरा मी रद्दी तोलताना असतो तसा ठेवला. "असतील. देताय का मला? तुमच्या मनाला येईल तो भाव सांगा."

मास्तरांनी पान उलटलं आणि म्हणाले, "इरली."

आता या शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या गावाकडे इरलं म्हणजे पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं आच्छादन. हुबळीत आल्यावर कळलं की कानडीत 'इरली' म्हणजे असू दे. मी कानडी शिकलो ती बाजारात. भाजीवालीशी मी हुज्जत घालावी, तिने कपाळावर आठ्या घालाव्यात, मी पाठ फिरवावी आणि मागून हाक यावी, "इरली, तगोरी!" म्हणजे जाऊ दे, तुझंच खरं, घे. घासाघीस करणाऱ्याच्या कानाला याहून गोड शब्द कुठल्याही भाषेत नाही. समोरचा हरला की इरली म्हणतो, एवढीच माझी कानडी. मास्तर इरली म्हणाले, म्हणजे सौदा पटला, त्यांनी माझ्यापुढे मान तुकवली. मी त्याच दुपारी वकिलांना निरोप धाडला की दात बसला म्हणून समजा.

रविवारी मास्तर रिकाम्या हाताने आले.

"चौथा भाग?" मी विचारलं.

"कुठला?"

"अहो, कवितांचा! द्यायचा ठरला होता ना?"

"कधी ठरला?"

"तुम्हीच इरली म्हणालात!"

"म्हणालो की. इरली म्हटलं. असू दे माझ्याकडेच, म्हटलं."

माझा आवाज मुळात चढा. त्या दिवशी तो गल्लीच्या टोकाला गेला. मी त्यांना लबाड म्हणालो, पानांचा चोर म्हणालो, आणि धारवाडच्या सगळ्या शाळांचा मिळून जो उद्धार केला त्यात त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता. माणसं जमली. शेवटी मी अक्कालाच पंच केलं. "अक्का, तूच सांग. मी म्हटलं देता का, हे म्हणाले इरली. याचा अर्थ काय?"

अक्काने चुना लावता लावता विचार केला. "पुढे तगोरी म्हणाले का?"

"नाही."

"मग इरली म्हणजे इरली, अण्णा."

गल्ली हसली. मी मास्तरांना सांगितलं की पुन्हा माझ्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. त्यांनी पुस्तक जागेवर ठेवलं, पट्टी पुसली, खिशात घातली आणि गेले. वकिलांनी दुसरीकडून कायद्याच्या जुन्या पुस्तकांची रांग घेतली आणि मला बघितलं की ते रस्ता ओलांडू लागले.

माझी तक्रार इथून सुरू होते आणि ती आजही कायम आहे. मात्र तिच्यात एक अडचण आली. हाकललं त्या दिवशी बुवांचं एका छापखानेवाल्याशी भांडण ऐन रंगात आलेलं होतं. छापखानेवाल्याने बुवांच्या ओळी गाळल्या होत्या आणि बुवा चिडून स्वतः छापखान्यात निघाले होते. पुढे काय झालं? पुस्तक माझ्या फळीवर, माझ्या मालकीचं, आणि मला त्यातलं अक्षर कळेना. लिलावाच्या यादीपुरतंच माझं इंग्रजी. एक-दोन रविवार मी कळ काढली. मग एका रविवारी मोटारीच्या वेळेला सहज, अगदी सहज, अड्ड्यावर गेलो. मास्तर उतरले.

मी म्हणालो, "त्या छापखानेवाल्याचं काय झालं?"

"चला की, बघू," ते म्हणाले. आम्ही दुकानावर आलो. बायको त्या वेळी डबा घेऊन आली होती. ती अक्काला म्हणाली, "यांनी स्वतःच घातलेली बंदी स्वतःच जाऊन उठवून आणली बघा." छापखानेवाल्याने माफी मागितली नाहीच. बुवांनाच त्याच्या पोराचं बारसं जेवून परत फिरावं लागलं.

"तुमच्यासारखेच आहेत," मास्तर म्हणाले.

"म्हणजे कसे?"

"आवाज मोठा."

मी चौथ्या भागाचा नाद सोडला असं मात्र समजू नका. हा माणूस भाव वाढवतो आहे, अशी माझी खात्री झाली होती. दर दोन-चार महिन्यांनी मी वाऱ्यावर बोलल्यासारखं विचारी, "मग, कवितांचं काय?" ते म्हणत, "इरली." मी मनातल्या मनात आकडा चढवी. पुढच्या खेपेला पुन्हा विचारी. पुन्हा इरली. आकडा पुन्हा वर. अशी मी एकट्यानेच घासाघीस करत राहिलो, आणि दरवेळी समोरच्याच्या बाजूने.

मग लढाई सुरू झाली आणि कागद मिळेनासा झाला. किराणावाले पुड्यांसाठी जुन्या वह्यासुद्धा सोडेनात. जाड विलायती कागद तर त्यांना सोन्यासारखा. एक जण रोज येऊन बुवांकडे बघून जिभल्या चाटी. बायको म्हणाली, "अहो, द्या की. तो दात काही उगवत नाही आता."

"तुला धंद्यातलं काय कळतं? चौथा आला की हाच माल वकील लोक डोक्यावर घेऊन नाचतील."

"वकील म्हातारे झाले," ती म्हणाली.

मी दिले नाहीत. हळद, जिरं आणि गूळ बांधून अर्धी हुबळी बुवांना घरी घेऊन गेली असती. ती गेली नाही, कारण न आलेल्या एका भागासाठी मी आलेले सगळे धरून बसलो होतो.

मास्तरांचे केस पांढरे झाले. शाळा सुटली, रविवार सुटला नाही. पुढे पुढे ते खोकं दाराच्या उजेडात ओढून घेत. मग पुस्तक नाकाशी नेऊ लागले. एक दिवस पट्टी पानाच्या घडीत न शिरता बाहेरूनच फिरली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा चुकली. मी घाईघाईने एक घड्याळ उघडून त्यातली चाकं बघू लागलो.

शेवटी आले ते बिनपट्टीचे. म्हणजे पट्टी होती, पण काढली नाही. उभेच राहिले. "सावकार, मुलीकडे जातोय. अळणावरला. जावई लाकडाच्या वखारीवर आहेत तिथे. डोळे गेल्यातच जमा."

"किती राहिलं?" मी विचारलं.

"शेवटचा भाग. म्हातारपणी लिहिलेलं."

मग त्यांनी कोटाच्या उजव्या खिशात, त्या फुगलेल्या खिशात, हात घातला. अक्का मान लांब करून बघू लागली. इतक्या वर्षांनी पानाचा डबा बाहेर येत होता.

बाहेर आलं ते एक पुस्तक. तळहाताएवढं, विटक्या निळ्या कापडाचं, कोपरे झिजून गोल झालेलं. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"कविता की."

मी ते पुस्तक उचललं, फळीकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं. "हा चौथा भाग?"

"चौथा मी कधी म्हटलं? कविता माझ्याकडे आहेत म्हटलं. वेगळी छापलेली प्रत आहे. विद्यार्थी असताना घेतलेली."

"हे तर बुटकं आहे!"

"आहे की."

"निळं आहे!"

"तेही आहे."

"इतकी वर्षं खिशात घेऊन समोर बसत होता, तेव्हा दाखवायला काय झालं होतं?"

"तुम्ही बघायला मागितलंच नाही," मास्तर म्हणाले. मग हलकेच म्हणाले, "आणि दाखवलं असतं तर सावकार, त्याच आठवड्यात तुम्ही बुवांना पुड्यांना दिलं असतं."

"दिलंच असतं!"

"मग मी वाचायचं कुठे?"

तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? जन्मभर बाजारात मुरलेल्या माणसाला एका शाळामास्तराने एका शब्दावर टांगून ठेवलं, आणि तेही कानडीतल्या सगळ्यात साध्या शब्दावर. मी जे ओरडलो ते ऐकून अक्का पानाचं फडकं तसंच हातात घेऊन वर आली.

"काय झालं, अण्णा?"

"या माणसाने मला फसवलं!"

"अय्यो! काय नेलं?"

"काही नाही नेलं!"

"मग काय दिलं नाही?"

"तेही आत्ताच दिलं!"

अक्काने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला आणखी संताप आला. मी फळीवरून भाग उपसून टेबलावर आपटू लागलो. "घेऊन जा! सगळे घेऊन जा, फुकट! टांगा मी करून देतो. मला यातला एक कागद नको!" माझ्या धंद्यात फुकट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. रागात उच्चारला, पण उच्चारला हे खरं.

मास्तर हात लावून एकेक भाग चाचपत होते. "जावयाच्या दोन खोल्या आहेत. आणि मी आता वाचणार काय?" त्यांनी भाग परत फळीवर लावायला घेतले. नजरेने नव्हे, बोटांनी, क्रमाने, एकही न चुकता. ठोकळ्याच्या पुढ्यात त्यांनी ते निळं पुस्तक उभं केलं, त्यात बांबूची पट्टी खुणेसारखी खोचली आणि म्हणाले, "इरली."

या खेपेला अर्थ विचारायची हिंमत मला झाली नाही. अक्काने त्यांच्या हातात एक विडा ठेवला. आयुष्यात पान न खाणाऱ्या त्या माणसाने तो तोंडात घातला आणि मोटारीच्या अड्ड्याकडे गेला.

अळणावरची माणसं लाकूडफाट्याच्या कामाने आमच्या बाजारात येत असतात. मी त्यांच्याकडे मास्तरांची चौकशी कधी केली नाही. गरज आहे ती गोष्ट दाखवा म्हणायचं नाही, हा नियम मी तेवढ्यापुरता अजून पाळतो.

शेवटचा भाग तसाच बंद होता. तो मला बघवेना. एका रविवारी मोटारीची वेळ टळून गेल्यावर मी तो खाली घेतला, खोकं दाराशी ओढलं, पट्टी धोतराला पुसली. पहिलं पान तिरकं फाटलं. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या. दुसरं बरं आलं. वाचता येत नाही तर कापून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. बायकोही तेच म्हणाली. पण म्हातारपणी माणसाने काही म्हणून ठेवलंय आणि त्याचं तोंड शिवलेलंच आहे, हे मला कसंतरीच वाटत होतं.

असा कापत बसलो असताना पुण्याकडचे एक गृहस्थ दुकानात शिरले. फळीपुढे थांबले, माल ओळखणारे दिसले. "तुमच्याकडे चौथा नाही. तो माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "अगदी याच रांगेतला. हे बुटकं निळं काढून टाका, बाकीचे मला द्या. भाव तुम्ही म्हणाल तो. देता?"

पट्टी घडीत अर्धी शिरली होती.

"इरली," मी म्हणालो.

"म्हणजे? हो की नाही?"

पायरीवरून अक्का हसली. मी पान पुरतं उघडलं आणि पुढच्या घडीला हात घातला.